रिकाम्या दालनाचे छायाचित्र



मी बांधकाम मजुरांच्या संघटनेचा कार्यकर्ता. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. अशा माणसाने आधुनिक वास्तूंच्या छायाचित्रांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीची सचित्र पुस्तिका माझ्या हाती आली. पांढरी भिंत, गुळगुळीत फरशी आणि खिडकीतून पडलेला उजेडाचा एक पट्टा. दालनात दुसरे काही नाही. ती फरशी आमच्या सभासदांनी बसवली होती, आणि त्यांची मजुरी तेव्हा थकलेली होती. चित्र सुंदर होते, म्हणूनच ते मनाला अधिक लागले. मोजके ठेवून बाकीचे गाळण्याची ही कला कोणी घडवली, हे शोधू लागलो, तेव्हा त्या कलेतला एक मोठा माणूस आमच्याच बिरादरीचा निघाला.

त्याचे नाव लुसियाँ एर्वे. १९१० साली हंगेरीत जन्मलेला हा माणूस मूळचा लास्लो एल्कान. १९२९ साली तो पॅरिसला आला. तेथे उंची पोशाखांच्या पेढ्यांसाठी नमुने रेखाटता रेखाटता तो कामगार चळवळीत उतरला. १९४० साली डंकर्कला जर्मनांच्या हाती सापडला, पुढे कैदेतून निसटला आणि प्रतिकार चळवळीत गेला. तेथे घेतलेले नाव त्याने जन्मभर वापरले.

१९४९ साली मार्सेय शहरात ल कोर्बूझिए ३३७ बिऱ्हाडांची एक प्रचंड इमारत उभारीत होता. एर्वेने तेथे एका दिवसात सुमारे ६५० छायाचित्रे घेतली आणि त्याला पाठवून दिली. ती पाहून ल कोर्बूझिएने त्याला जवळ केले, आणि ही सोबत १९६५ साली वास्तुकाराच्या मृत्यूपर्यंत टिकली.

आता त्याची रीत पाहा. खोलीत मागे सरकण्यास जागा नसते. म्हणून चारी भिंती एका चित्रात कोंबण्याचा मोह होतो. एर्वेने तो मोह टाळला. एक कड, जिन्याचे एक वळण, भिंतीवरची एक सावली, एवढ्यावर त्याचे भागे. सावलीला तो भिंतीइतकेच वजन देई. त्याच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौरस असे. पण छापील चित्र तो कात्रीने कापी, कधी अगदी अरुंद पट्टीइतके. सबंध खोली दाखवली की डोळा दारे-खिडक्या मोजत बसतो. अर्धी राखून ठेवली की तो पृष्ठभागावर थांबतो, खडबडीतपणा चाचपतो. मार्सेयच्या काँक्रीटवर तर साच्याच्या फळ्यांचे वळ मुद्दाम तसेच ठेवले होते.

१९५५ साली एर्वे भारतात आला. चंदीगड आणि अहमदाबाद येथे ल कोर्बूझिएच्या वास्तू त्याने टिपल्या. अहमदाबादची त्यातली एक वास्तू गिरणीमालकांच्या संघाची होती, हे मी कार्यकर्ता म्हणून नोंदवून ठेवतो! चंदीगडच्या काही चित्रांत अफाट काँक्रीटपुढे एखादी लहानशी मानवी आकृती दिसते. ती पुसली तर भिंतीची उंचीच कळणार नाही.

एर्वेने प्रत्येक चित्रात मजूर ठेवला, असा माझा दावा नाही. त्याचीही पुष्कळ चित्रे निर्जन आहेत. परंतु गाळणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्या पुस्तिकेतील चित्रात हाताची खूण उरू नये म्हणून सर्व चकचकीत केले होते. एर्वेने पसारा गाळला, पण खूण राहू दिली.

याची परीक्षा मी एकदा घेतली. वाचनालयातल्या पुस्तकात मार्सेयच्या भिंतीचे असेच एक चित्र होते. आमच्या संघटनेतल्या एका म्हाताऱ्या सेंट्रिंगवाल्याला मी ते दाखवले. इमारत कोणाची, देश कोणता, हे त्याने विचारलेच नाही. चष्मा पुसून त्याने एका वळावर बोट ठेवले आणि म्हणाला, “ही फळी घाईत ठोकलीय. त्या दिवशी मुकादम मागे लागला असणार.”

चित्रात माणूस नव्हता. तरीही त्याला तो दिसला.