डाकीण कोण ठरवतं?



आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवून एका जुन्या शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला 'डाकीण' म्हणतात, डहाणूकडे 'भुताळी', बाकी ठिकाणी 'चेटकीण'. शब्द वेगवेगळे, पण चिकटतो तो बहुतेक वेळा एकट्या बाईला.

सुरुवात आमच्यापासूनच करतो. आमच्या एका गटाची बैठक दर महिन्याला एका विधवा मावशींच्या ओट्यावर भरायची. शेजारच्या घरातलं लेकरू तापानं फणफणलं. भगतानं दाणे पाहिले आणि मावशींच्या घराकडे बोट दाखवलं. पुढच्या महिन्यात बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. कुणी ठराव केला नाही, कुणी काही बोललं नाही. मावशींचे बचतीचे पैसे पुतणीच्या हाती आले आणि आम्ही ते वहीत मांडून घेतले. आम्ही सहयोगिनी, गावोगावी समजावत फिरणाऱ्या. पण त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून हा इतिहास वाचायला घेतला.

वाचताना पहिल्यांदा कळलं, की हे फक्त आपल्या डोंगरातलं नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण म्हणून रीतसर खटले चालले. इतिहासकारांच्या अंदाजानं ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड झाला आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. छळ करून कबुली घ्यायची आणि आणखी नावं वदवून घ्यायची, अशी ती साखळी वाढत जाई. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस इथं आना ग्योल्डी नावाची मोलकरीण होती. मालकाच्या मुलीच्या दुधात तिनं जादूनं सुया घातल्या, असा आरोप आला. १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. तिथल्या विधिमंडळानं तिला निर्दोष ठरवलं ते २००८ साली! न्याय मिळायला २२६ वर्षं लागली.

आता आपल्याकडे येऊ. मेवाडपासून खानदेशापर्यंत पसरलेल्या भिल्ल मुलखात डाकीण ठरवलेल्या बाईला झाडाला उलटं टांगत, डोळ्यांत मिरची घालत. १८५३ मध्ये मेवाडचे महाराणा स्वरूपसिंह यांनी या प्रथेवर बंदी घातली. म्हणजे बंदीलाही पावणेदोनशे वर्षं होत आली. मग प्रथा का गेली नाही?

एक कारण आजाराचं. दवाखाना लांब, भगत जवळ. ताप डासामुळे आला हे कुणी सांगितलं नाही, तर माणूस विचारतो, 'कुणी केलं?' दुसरं कारण जमिनीचं. झारखंडमधल्या आदिवासी गावांचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं, की आरोप अनेकदा अशा विधवेवर येतो, जिच्या ताब्यात नवऱ्याची जमीन हयातीपुरती असते. ती गावातून गेली, की जमीन दिरा-पुतण्यांकडे जाते. ताप एका घरात आणि फायदा दुसऱ्या घरात, असा हा व्यवहार.

बदल घडवला तो हिंमत करणाऱ्या माणसांनी. आसाममधल्या बिरूबाला राभा यांचा मुलगा आजारी पडला, तेव्हा देवऋषीणीनं सांगितलं होतं की तो तीन दिवसांत मरणार. मुलगा जगला. तेव्हापासून त्या माउलीनं चेटकीण ठरवलेल्या बायकांना वाचवण्यात आयुष्य घातलं. झारखंडच्या छुटनी देवींना तर स्वतःलाच डायन म्हणून गाव सोडावं लागलं होतं. पुढे त्यांनी इतर पीडित बायकांना आधार दिला. दोघींनाही २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

महाराष्ट्रात कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते, असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं हा आता गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, वर पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे.

पण कायदा ओट्यावर येऊन बसत नाही, बसावं आपल्यालाच लागतं. त्या लेकराला आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. रक्त तपासलं, मलेरिया निघाला, गोळ्यांनी ताप उतरला. पुढची बैठक पुन्हा मावशींच्या ओट्यावर ठेवली. चौदांपैकी पाचजणीच आल्या. मावशींनी सतरंजी अंथरली, सगळ्यांना चहा दिला. आम्ही पाचहीजणींनी तो प्यायला. त्याच्या पुढच्या महिन्यात नऊजणी आल्या. बाकीच्या अजून येत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणा बाईचं असं नाव घेतलं गेलं, तर तीन गोष्टी करा. आजाऱ्याला आधी दवाखान्यात न्या. त्या बाईच्या घरी जाऊन बसा, तिच्या हातचं पाणी प्या, चार लोकांनी पाहिलं पाहिजे असं. आणि धमकी किंवा मारहाण होत असेल, तर पोलीस ठाण्यात जा, एकटं न जाता सगळा गट घेऊन जा.