रक्तातली लॉग फाइल

ऑगस्ट २०१७ मधली ती निळी कुत्री आठवतायत? तळोजा एमआयडीसीत रस्त्यावरची भटकी कुत्री अचानक निळीशार दिसायला लागली, आणि त्यांचे फोटो जगभर फिरले. एका कारखान्याचं रंगाचं पाणी कासाडी नदीत जात होतं, कुत्री त्यात डुंबत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. कुत्र्यांना धुतलं तर रंग निघून गेला, आणि आठवड्याभरात बातमीही.

तळोजा म्हणजे बऱ्याच लोकांना नवी मुंबई वाटते, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. तिथून खाली आलात की पाताळगंगा, रसायनी, नागोठणे, थळ, रोहा, महाड अशी रसायनांची माळच लागते. शनिवारी मांडव्याची बोट पकडून अलिबागला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ती दिसत नाही, ते सोडा.

निळ्या कुत्र्यांमुळे एक गोष्ट मात्र छान समजते. तो रंग अंगावर होता, म्हणून दिसला. अंगात किती गेला, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर राउटरवरून किती रिक्वेस्ट गेल्या हे मोजता येतं, पण त्यातल्या किती खरंच आत पोचल्या आणि त्यांनी आत काय केलं, हे सर्व्हरचा लॉगच सांगतो. चिमणीतला धूर आणि नदीचं पाणी तपासणं म्हणजे राउटर बघणं. रक्त, लघवी, केस, चरबी, आईचं दूध यांत ते रसायन किंवा त्याचं शरीरात बदललेलं रूप शोधणं म्हणजे लॉग उघडणं. याला बायोमार्कर म्हणतात. प्रत्येक लॉग किती दिवस टिकतो ते वेगळं असतं. बेंझीनच्या खुणा काही तासांत लघवीवाटे निघून जातात, म्हणून कामगाराचा नमुना पाळी संपतानाच घ्यावा लागतो. शिसं रक्तात महिनाभर रेंगाळतं, पण हाडांत शिरलं की दशकं मुक्काम ठोकतं. आणि डीडीटी? ते चरबीत जाऊन बसतं.

या डीडीटीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या घराच्या भिंतींवरची आहे.

१९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलरला डीडीटी कीटकांना मारतं हे कळलं, आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हाच्या मुंबई प्रांतात त्याआधीच कामाला सुरुवात झाली होती. १९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कानडा आणि धारवाड जिल्ह्यांतल्या खेड्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणून दाखवला. १९५३ मध्ये देशभराचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला. तेव्हा भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हाच आकडा लाखाच्या आसपास उतरला. कुलाबा जिल्ह्यातल्या (रायगड हे नाव १९८१ चं) खाजणं, भातखाचरं आणि खाड्यांच्या काठच्या गावांत पंप घेऊन माणसं यायची, भांडीकुंडी बाहेर काढायला लावायची, भिंती फवारायची आणि दारावर तारीख घालून जायची. आमच्या पिढीला डीडीटी म्हटलं की फक्त खलनायक आठवतो. पण त्या आठ लाखांत आपले आजोबा नव्हते, याचं थोडं श्रेय त्या पंपवाल्याला द्यायला हवं.

आता लॉगकडे येऊ. १९५१ मध्ये अमेरिकेत माणसाच्या चरबीत आणि आईच्या दुधात डीडीटी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या वेलँड हेज या डॉक्टरने तर तुरुंगातल्या स्वयंसेवकांना रोज डीडीटी खाऊ घालून शरीरात किती साठतं ते मोजलं (आजची कुठलीही नैतिकता समिती त्याला दारातूनच परत पाठवेल). १९६५ मध्ये हेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतीयांच्या चरबीतल्या कीटकनाशकांवर निबंध छापला. दिल्लीकरांच्या चरबीत डीडीटीचं प्रमाण सरासरी दशलक्षात वीस भागांच्या वर निघालं. डीडीटी मनसोक्त वापरणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वसाधारण माणसापेक्षाही जास्त! हे कुठल्याही नदीच्या पाण्याच्या तपासणीतून कळलं नसतं. पुढे दूध, लोणी, धान्य यांत त्याचे अंश सापडत गेले, म्हणजे भिंत हा एकच रस्ता नव्हता.

या लॉगमध्ये तारीखही असते, हे मला सगळ्यात भारी वाटतं. शरीर डीडीटीचं हळूहळू डीडीई नावाच्या रसायनात रूपांतर करतं, आणि ते निम्मं व्हायलाच सहा ते दहा वर्षं लागतात. त्यामुळे नमुन्यात मूळ डीडीटी जास्त असेल तर संपर्क ताजा, डीडीईच जास्त असेल तर जुना.

१९८९ मध्ये भारतात शेतीसाठी डीडीटी वापरायला बंदी आली, आरोग्य खात्याची फवारणी चालू राहिली. सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा डीडीटीचा कारखाना आपल्या रसायनीलाही होता. गावाचं नावच रसायनी, यापेक्षा प्रामाणिक नाव कुठल्या औद्योगिक वसाहतीला मिळालं असेल? शेजारी पाताळगंगा वाहते, ती धरमतरच्या खाडीला मिळते. कारखान्यातून खाडीत काही गेलं असा आरोप मी करत नाहीये. माझा मुद्दा एवढाच, की जिथे हे फवारलं गेलं आणि जिथे ते बनलं तो टापू एकच होता, आणि कारखान्याच्या परवान्यात पाण्याचे, हवेचे आकडे असतात, त्याच्या आजूबाजूच्या माणसांच्या रक्ताचे नसतात. मुंबईतल्या मातांच्या दुधात डीडीटी आणि एचसीएच (म्हणजे आपलं घरगुती गॅमेक्झिन) असल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलंच आहे. लगेच घाबरू नका, अंगावर पाजणं थांबवू नका असंच डॉक्टर सांगतात, आणि ते बरोबर आहे.

‘मोजून काय उपयोग?’ असं कोणी विचारलं तर शिशाचं उदाहरण द्यायचं. अमेरिकेत १९७६ ते १९८० दरम्यान देशभरातल्या लोकांचं रक्त तपासलं जात होतं. त्याच काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत होतं. पेट्रोल कंपन्या म्हणायच्या, रक्तातल्या शिशाशी आमचा फारसा संबंध नाही. आकडे आले तेव्हा रक्तातलं सरासरी शिसं ३७ टक्क्यांनी उतरलेलं होतं, पेट्रोलच्या आलेखाला चिकटून. वादच मिटला. आपल्याकडे १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्ली आणि मुंबईतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं. जवळपास निम्म्या मुलांच्या १०० मिलीलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं होतं. अमेरिकेत तेव्हाची धोक्याची रेघ १० ची होती, २०२१ पासून ती ३.५ वर आली आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. अमेरिका २००१ पासून आपल्या नागरिकांच्या शरीरातल्या रसायनांचे अहवाल काढते. पहिल्यात २७ रसायनं होती, २००९ च्या चौथ्यात २१२. आपल्याकडे असा नेमाने चालणारा देशव्यापी उपक्रम नाही.

आणि रायगडच्या किनाऱ्याला तर हा लॉग वाचायची सगळ्यात सोपी सोय आहे: मासे आणि केस. ठाण्याच्या खाडीत आणि मुंबई बंदरात पारा असल्याचं १९८१ मध्येच छापून आलं. त्याच बंदराच्या पलीकडच्या काठाला उरण आहे, रेवस आहे, मांडवा आहे. माशातला पारा माणसाच्या केसात उतरतो, रक्ताच्या सुमारे अडीचशे पट. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे बारा सेंटिमीटरची बट ही वर्षभराची डायरीच. इराकमध्ये १९७१-७२ च्या हिवाळ्यात पारा लावलेलं बियाणं दळून लोकांनी भाकरी खाल्ली. ६५०० च्या वर माणसं इस्पितळात गेली, ४५९ मेली. नंतर शास्त्रज्ञांनी गरोदर असलेल्या बायकांच्या केसांचे सेंटिमीटर सेंटिमीटरचे तुकडे तपासून कुठल्या महिन्यात किती पारा पोटात गेला ते काढलं.

कोळीवाड्यात हे करायचं म्हणजे नाजूक काम. उद्या पेपरात ‘अलिबागच्या माशात पारा’ अशी हेडलाइन आली तर टोपली घेऊन बसलेल्या मावशीचा धंदा बसेल, आणि पारा सोडणारा नामानिराळा राहील. शिवाय सगळे मासे सारखे नसतात. मांदेली, जवळा यांसारख्या छोट्या जिवांत पारा कमी असतो. मोरीसारखे, म्हणजे शार्कच्या जातीचे, दुसऱ्या माशांना खाऊन मोठे होणारे मासे तो जास्त साठवतात. म्हणून कोण काय खातं हे आधी विचारायला लागेल. बाकी सामान फार नाही. मानेमागून, टाळूला लागून कापलेली पेन्सिलीएवढी जाड बट, मुळाकडच्या टोकाला बांधलेला दोरा, आणि एक पाकीट. निकालाचा कागद मात्र पेपरवाल्याच्या आधी त्या मावशीच्या हातात.