मर्सिडीज-बेंझ 300 एसएल : कूपे आणि रोडस्टर

डाइम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या दोन सख्ख्या स्पोर्ट्स मोटारी. कूपे 1954 ते 1957 (1,400 गाड्या), रोडस्टर 1957 ते 1963 (1,858 गाड्या). संग्राहकांचा ओढा कूपेकडे. मोटार म्हणून मात्र रोडस्टर उजवी ठरते.

कूपेची ख्याती वर उघडणाऱ्या दारांमुळे आहे, पण ती दारे नाइलाजाने आली. 1952 साली ल मां आणि मेक्सिकोतील कॅरेरा पानामेरिकाना जिंकलेल्या शर्यतीच्या गाडीची चासी बारीक पोलादी नळ्या जोडून केली होती. ती न वाकण्यासाठी बाजूच्या नळ्या उंच घ्याव्या लागल्या आणि नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहाने तिची रस्त्यावरची आवृत्ती निघाली, ती या गैरसोयीसकट. आत शिरायचे तर रुंद उंबरा ओलांडायचा, त्यासाठी स्टीअरिंग खाली दुमडायचे. काचा खाली सरकत नाहीत, काढूनच ठेवाव्या लागतात. उन्हात आत भट्टी पेटते. डिकी टाकी आणि स्टेपनीनेच भरलेली, म्हणून सामान सीटमागे पट्ट्यांनी बांधायचे. रोडस्टरमध्ये चासी दारापाशी खाली घेऊन मजबूत केली, साधी दारे बसवली आणि डिकी मोकळी केली.

खरा फरक मागच्या ॲक्सलमध्ये आहे. कूपेत दोन्ही अर्ध-ॲक्सल उंचावर सांधलेले. भर वळणावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू उचलली जाते, चाके आत दुमडतात आणि गाडी शेपूट फिरवते. रोडस्टरमध्ये सांधा एकच आणि खालच्या पातळीवर, जोडीला आडवी स्प्रिंग. त्यामुळे हा खोडसाळपणा बराच आटोक्यात आला. 1961 पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. रोडस्टर जड आहे हा आक्षेप खरा, पण नुसत्या सरळ वेगापुरता.

इंजिन मुळात एकच : 2,996 घनसेंमी, सहा सिलिंडर, बॉनेट बुटके राहावे म्हणून एका अंगावर कलवलेले. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात थेट इंधन-इंजेक्शन देणारी ही पहिली विक्रीची मोटार. (त्याआधीच्या गुटब्रोड व गोलियाथ या जर्मन गाड्या टू-स्ट्रोक होत्या.) इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहतो; ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खालच्या ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरपूर, सुमारे दहा लिटर. छोट्या फेऱ्यांत ते पुरते तापत नाही, मग पेट्रोल उडून जाणार कसे? म्हणून ऑइल वरचेवर बदलावे लागते. हा दोष दोन्हींत आहे आणि खरेदीदाराने दारांआधी याची चौकशी करावी.

शर्यती : 1955 च्या मिल्ले मिल्या या इटलीतील शर्यतीत चालक जॉन फिच कूपेतून एकूण पाचवे.

कूपे दुर्मीळ म्हणून महाग, हे अर्धेच पटते. संख्येतला फरक फार नाही. दुर्मीळपणाचा दावा ॲल्युमिनियम बॉडीच्या 29 कूपेंना शोभतो. त्यांतली एक 2022 साली लिलावात 68 लाख डॉलरवर गेली. मूळ शर्यतीच्या गाडीशी कूपेचे नाते जवळचे, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि इतिहास जपणाऱ्या संग्राहकाने तो मानावा. गाडी चालवायची असेल, तर 1962 पासूनची, डिस्क ब्रेक आणि ॲल्युमिनियम इंजिन-ब्लॉकची रोडस्टर शोधावी. अशा सुमारे 210 निघाल्या.