काळी, पांढरी आणि वेळापूरचं घर

मंडळी, आपल्या वेळापूरच्या चारी वाटांना आता प्लॉट पडतायत. जाहिरातीत हॉल, किचन, पार्किंग सगळं असतं. सांडपाणी कुठं जाणार, एवढं मात्र नसतं. म्हणून थोडा इतिहास.

आपल्या जुन्या माणसांनी जमिनीचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळी पिकासाठी, पांढरी राहायला. सरकारी कागदात जे गावठाण, तीच ही पांढरी. त्यामागं श्रद्धा होती तसा हिशोबही होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावरची भिंत तडकते. शिवाय ओली झाली की पाणी जिरवत नाही. पांढरी माती मात्र भिंतीलाही चालायची अन् माळवदालाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाऊस जेमतेम ५००-५५० मिलीमीटर, त्यामुळं लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की धाब्याचं घर भागायचं. उन्हाळ्यात गार, रात्री झोपायला वर माळवद.

आणि घर कधी एकटं नव्हतं. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात जा. तिथं रामदेवराय यादवाच्या काळातले, म्हणजे इ. स. १३०० च्या सुमाराचे शिलालेख आहेत. देवळासमोर बारव आहे. आज आपण ज्याला सार्वजनिक सुविधा म्हणतो, ती इथं सातशे वर्षांपूर्वी दगडात बांधलेली होती. आषाढीला माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा आपल्या ओसऱ्या अन् अंगणं दिंड्यांना कशी पुरतात ते आपण बघतोच. घर बांधताना येणाऱ्या-जाणाऱ्याचा विचार असायचा.

पुढं भाटघरचं धरण झालं, १९२८ साली. नीरा उजव्या कालव्यानं माळशिरस तालुक्याचं रूप पालटलं. ऊस आला, १९३० च्या दशकात माळीनगरला कारखाना उभा राहिला. पैसा आला तशी माळवदं उतरली, स्लॅब पडले. वाईट काही झालं नाही, गळक्या घरात कुणी का राहावं? पण गावठाण पुरेना म्हणून घरं काळीत शिरली. पांढरीतली रीत मात्र मागंच राहिली.

आता काळ्या रानात शोषखड्डा खणला तर पावसाळ्यात तो भरूनच राहतो. मग पाणी रस्त्यावर, शेजाऱ्याच्या दारात, अन् भांडण ग्रामपंचायतीत. घर २५ लाखांचं, गटार कुणाचंच नाही, असं होऊन बसतं.

माझं म्हणणं प्लॉट घेऊ नका असं नाही. टोकन द्यायच्या आधी मंजूर लेआउट मागा. मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती नकाशात कुठं आहे अन् जाग्यावर कुठं आहे, दोन्ही बघा. रस्त्याची रुंदी टेपनं मोजा. पाण्याचा उतार कुठल्या ओढ्याकडं, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, त्याला नक्की ठाऊक असतं. पाया घालण्याआधी माती दाखवून घ्या.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला या. घरपट्टी आपण भरतो, तर नव्या वस्तीचं गटार, दिवे अन् मोकळ्या जागा यांचा विषय आपणच मांडायला पाहिजे. बारव बांधणाऱ्यांनी पुढच्या सातशे वर्षांची सोय केली. आपण निदान पुढच्या पावसाळ्याची तरी करू.