दोन नियम भिडतात तेव्हा

हर्णेच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर हल्ला केला. पेशव्यांचे आरमारही तुळाजींच्या विरोधात उतरले होते. पहिल्या दिवशी जेम्सने खुल्या समुद्राच्या बाजूने तोफा डागल्या. तिकडचा तट पक्क्या कातळाचा. त्याला खिंडार पडेना. मग त्याने ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात, तटापासून सुमारे १०० यार्डांवर आणले. डोलकाठ्यांवरच्या बंदूकधाऱ्यांनी गोलंदाजांना टिपले, आत दारूकोठाराचा स्फोट झाला आणि अखेर किल्ला पडला.

हीच लढाई वर्गात टेबलावर, पुठ्ठ्याची जहाजे घेऊन खेळायची आहे असे समजा. आपण दोन नियम करू. पहिला : जहाज तटाजवळ आले की किल्ल्याच्या तोफेने त्याचे दुप्पट नुकसान होते. दुसरा : गोलंदाज टिपला गेला की तोफ बंद पडते. दोन्ही नियम सुटे सुटे घेतले तर बिनचूक आहेत. पण जहाज १०० यार्डांवर आले रे आले की मुले भांडू लागतील : आधी तोफ उडणार की बंदूक?

हा पेच जुना आहे. प्रशियाचा तोफखान्यातला अधिकारी राइसवित्झ याने १८२४ मध्ये आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा, सैन्यासाठी ठोकळे, फासे आणि एक पंच असे. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत. म्हणजे एका डावातल्या घटना एकामागून एक नव्हे, तर त्याच दोन मिनिटांत घडलेल्या मानायच्या.

हा धागा धरला की आपला वाद मिटतो. भरून तयार असलेली तोफ या डावात उडेल, जहाजाचे दुप्पट नुकसानही होईल. गोलंदाज पडल्यामुळे ती पुन्हा भरली जाणार नाही, म्हणून पुढच्या डावापासून ती गप्प. दोन्ही नियम शाबूत राहतात. चूक त्यांच्यात नव्हतीच. काळाचे माप सांगायचे राहिले होते.

पुढे नियमांची आणि कोष्टकांची गर्दी इतकी झाली, की खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने निर्णय अनुभवी पंचावरच सोपवण्याचा मार्ग मांडला. खेळ वेगवान झाला. पण पंचाचा पूर्वग्रहही निकालात शिरण्याची वाट मोकळी झाली.

विज्ञानाच्या तासालाही असे प्रसंग येतात. ‘उष्णता दिली की तापमान वाढते’ आणि ‘बर्फ वितळताना तापमान स्थिर राहते’ ही दोन वाक्ये विद्यार्थ्याला परस्परविरोधी वाटतात. तेव्हा शिक्षकाने पंच होऊन निकाल देऊ नये. प्रत्येक नियम कोणत्या परिस्थितीसाठी केला आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे.