दूध, अशुद्ध आणि गोचीड

जुळे सोलापुरातील आमच्या वाचनमंडळात ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय चालू होता. गाईच्या आचळाशी चिकटूनही दूध टाळून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त आला. तेथे रक्तासाठी ‘अशुद्ध’ हा शब्द योजला आहे; जुन्या मराठीत त्याचा तोही अर्थ होता. जवळचे अमृत न ओळखणाऱ्या जीवांवर आम्ही बोलणार, तोच एका श्रोत्याला गोचीडतापाने गेलेली आपली संकरित गाय आठवली. गोचीड रक्त नेतो, तसे काही देतोही, असे ते म्हणाले.

हे ‘देणे’ विज्ञानाला उमगायला एकोणिसावे शतक सरत आले. १८८८ मध्ये व्हिक्टर बाबेश यांना रुमानियातील आजारी गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत सूक्ष्म जीव दिसले; ‘बबेसिया’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. या पेशी फुटल्या की जनावराची लघवी तांबडी होते. अमेरिकेतील गुरेपालकांचा संशय गोचिडांवर होता, पण पंडित तो हसण्यावारी नेत. अखेर १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी तो खरा ठरवला. कोडे अवघड होते, कारण हा गोचीड जन्मभर एकाच जनावरावर राहतो. परजीवी मादीच्या अंड्यांतून पिलांत उतरतो आणि ती पिले दुसऱ्या गाईला चिकटतात. रॉस यांनी सिकंदराबादेत हिवतापाचा परजीवी डासात पाहिला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. माणसातील बबेसियाची पहिली खात्रीची नोंद १९५७ ची, युगोस्लाव्हियातील. त्या रुग्णाची प्लीहा आधीच काढलेली होती.

आपल्याकडे ‘गोचीडताप’ या एकाच नावात बबेसियाचा आजार आणि थायलेरियाचाही आजार सामावतो. आमच्या जिल्ह्यातील खिलारसारखी देशी गुरे गोचिडांना बऱ्यापैकी तोंड देतात. संकरित गाय दूध अधिक देते, पण या तापाला लवकर बळी पडते. दुधासाठी आणलेली गाय रक्तापायी गेली, एवढेच त्या गृहस्थांना सांगायचे होते. दृष्टान्तातला गोचीड अजाण जीवाचे प्रतीक आहे, हे आम्ही वर्गात शिकवतो. तो गोठ्यातून आला आहे, हे सांगायचे मात्र राहून जाते. त्या दिवशी पुढची ओवी वाचायला आम्हाला थोडा वेळ लागला.