मांजराचा श्वास

हत्तीला शास्त्र आहे, घोड्याला शास्त्र आहे. मांजराला मात्र नुसत्या म्हणी आहेत. आमच्या जुन्या वैद्यकाचा पसारा पाहूं लागलें म्हणजे ही गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. पालकाप्याच्या नांवावर हस्त्यायुर्वेद आहे, शालिहोत्राच्या नांवावर अश्वचिकित्सेची सारी परंपरा आहे, नकुल व जयदत्त यांचे घोड्यांवरील ग्रंथ आहेत. राजाच्या पदरीं ज्याचा उपयोग त्याला वैद्य, हा त्या काळचा उघड न्याय होता. मांजरानें धान्याच्या कोठारांची राखण पिढ्यान् पिढ्या केली. परंतु त्याच्या वांट्याला आली ती हितोपदेशांतील दीर्घकर्णाची दुष्कीर्ति, आणि मराठींत डोळे मिटून दूध पिण्याची. सम्राट् अशोकानें आपल्या दुसऱ्या शिलालेखांत मनुष्य व पशु या दोहोंच्या चिकित्सेची सोय केल्याचें सांगितलें आहे. त्या लेखमालेशीं आमच्या जुन्या ठाणें जिल्ह्याचाहि संबंध आहे. सोपाऱ्यास, जें २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतें, १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा सांपडला. मात्र अशोकाच्या उपचारयोग्य पशूंत मांजर गणलें होतें कीं नाहीं, याविषयीं दुसरा लेख मुग्ध आहे.

हा विषय सुचण्यास आमचें आंबिवली कारण झालें. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालें म्हणजे शहाडनंतर हें स्टेशन लागतें. मोहन्याच्या कृत्रिम रेशमाच्या कारखान्याभोंवतीं येथें वस्ती वाढली; तो कारखाना २००९ सालीं बंद पडला, पण चाळी राहिल्या, माणसें राहिलीं, आणि अर्थात् मांजरेंहि राहिलीं. पावसाळ्याच्या दिवसांत यांतील एखादें मांजर कोपऱ्यांत दबून बसतें, कोपर अंगापासून दूर धरतें, मान जमिनीसरशी पुढें ताणतें आणि खोकल्यासारखा आवाज करूं लागतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, "केस अडकला असेल." मग कोणी ओव्याची धुरी देतो, कोणी छातीला नीलगिरीचें तेल चोळतो, आणि कोणी मुलाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी चतकोर करून दुधांत घालतो. केसाचा गोळा पडण्यापूर्वीं मांजराला उमासे येतात आणि शेवटीं कांहीं तरी बाहेर पडतें. नुसती मान ताणून वारंवार खोकणें, बाहेर कांहींच न पडणें, हें बहुधा फुप्फुसाच्या नळ्यांचें दुखणें असतें.

गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या चरकानें मांजराचा विचारहि केला नाहीं, त्याच्याच ग्रंथांत या आसनाचा अर्थ सांपडतो. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायांत श्वासाचे महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे पांच प्रकार आहेत. त्यांतील तमकाच्या रोग्याला निजलें कीं त्रास वाढतो, उठून बसलें कीं बरें वाटतें, असें त्याचें निरीक्षण आहे. दम्याचें मांजर तेंच करीत असतें: आडवें पडत नाहीं. चरकाचा एखादा शिष्य मांजर पाळणारा असता, तर हा रोग ओळखण्यास विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली नसती, असें आम्हांस उगाच वाटतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं वुड्रॉफ हिल यांनीं मांजरांच्या रोगांवर इंग्रजींत स्वतंत्र पुस्तक लिहिलें, आणि मांजराच्या दम्याचें पहिलें वर्णन म्हणून पुढील पशुवैद्य त्यांच्याच पुस्तकाकडे बोट दाखवीत आले आहेत.

मुंबईकडे वळूं. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला तेव्हां पारशी समाज खवळला आणि शहरांत दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ मध्यें, जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पांजरपोळ हा आश्रय झाला. त्यांत दया होती, निदान नव्हतें. निदानाची विद्या परळला आली ती पुढें. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ तेथें झालें, आणि त्याच्या आधारानें १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे मोठे उद्योगी गृहस्थ होते. त्यांनीं बैलाच्या रोगांवर लिहिलें, हत्तीच्या लिहिलें, कुत्र्याच्या, मेंढीच्या, उंटाच्याहि लिहिलें. या मालिकेंत मांजर नाहीं. स्टील यांना आम्ही दोष देत नाहीं. त्यांना पगार देणाऱ्या राज्याची घोडदळें होतीं, तोफखान्याचे बैल होते, आणि खेड्यापाड्यांत बुळकांडीनें गुरें पटापट मरत होतीं. १८८९ सालीं पुण्यास जी शाही जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली (१८९३ मध्यें ती मुक्तेश्वरास गेली), तिचें लक्षहि अशाच रोगांकडे होतें. पालकाप्याचा न्याय इंग्रजी अमलांतहि तसाच चालूं राहिला, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

मांजराची सरकारदरबारीं आठवण झाली ती प्लेगांत. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला, उंदरांचा व त्याचा संबंध हळूहळू उघड झाला, आणि वऱ्हाडांत काम केलेले इंग्रज डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनीं १९०८ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें मांजर हें प्लेगाचें निवारक आहे असें प्रतिपादन केलें. मांजरें पाळा, म्हणजे उंदीर हटतील, हा त्यांचा मथितार्थ. मांजराची स्तुति झाली, पण तीहि नोकर म्हणूनच. पुढें १९७७ नंतर अमेरिकेच्या पश्चिम भागांत असें आढळलें कीं प्लेग मांजरालाहि होतो, आणि फुप्फुसांत उतरला तर त्याच्या श्वासावाटे माणसासहि लागतो. ब्यूकॅनन यांच्या शिफारशीची ही दुसरी बाजू त्यांच्या काळीं कोणास ठाऊक असणार?

छातीचें निदान ज्या साधनांनीं होतें तीं सारीं माणसासाठींच निघालीं. ग्राट्झच्या खाणावळवाल्याचा मुलगा आउएनब्रुग्गर यानें १७६१ सालीं छातीवर बोटांनीं ठोकून आंतील पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, १८१६ सालीं पॅरिसांत लेनेक यानें कागदाची सुरळी करून छाती ऐकली, १८९५ सालीं राँटगेनचे किरण आले. मांजरापाशीं या नळीची एक मजेदार अडचण होते: तें गुरगुरतें. भ्यालेलें, आजारी मांजरहि गुरगुरतें, आणि त्या घरघरींत फुप्फुसाचा आवाज बुडून जातो. म्हणून पशुवैद्य शेजारचा नळ सोडतो किंवा स्पिरिटाचा बोळा नाकाजवळ धरतो. क्षणभर गुरगुर थांबते, तेवढ्यांत ऐकून घ्यावयाचें.

याउलट, माणसाचा दम समजण्यासाठीं मांजराची छाती कितीदां तरी उघडली गेली आहे, हें मात्र कोणी आवर्जून सांगत नाहीं. आपल्याच देशांतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल यांनीं १९५५ सालीं मांजरांवरील प्रयोगांतून फुप्फुसांतील एक विशिष्ट प्रकारचे संवेदक शोधून काढले. पुढें 'जे-संवेदक' म्हणून त्यांची जगभर ख्याति झाली. फुप्फुसाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोंवतीं पाणी सांचूं लागलें कीं ते चेतावतात व श्वास उथळ आणि जलद होतो. कल्याणच्या जिन्यावर धापा टाकणाऱ्या हृदयरोग्याच्या छातींत काय होत असतें, तें मांजरानें शिकविलें. हें ऋण आम्ही मोठें समजतों.

आतां त्या ऋणाची फेड कशी व्हावी तें पाहूं. मांजर स्वस्थ झोंपलें असतां छाती वर गेली व खालीं आली म्हणजे एक श्वास, असें मिनिटभर मोजावें. निरोगी मांजराचे साधारण २० ते ३० भरतात. निजेंतहि तिसांच्या वर आंकडा रोज जाऊं लागला तर वैद्य गांठावा. चाळिसांच्या वर गेला तर त्याच दिवशीं. कुत्रें तोंड उघडून धापतें तें स्वाभाविक. मांजर तसें करूं लागलें, किंवा त्याच्या हिरड्या निळसर दिसल्या, तर तासाचाहि उशीर परवडत नाहीं. शिंका आणि नाकाडोळ्यांतून घट्ट स्राव असेल तर दोष बहुधा वरच्या मार्गांत असतो. पिलांना हा विषाणूंमुळें होतो, व त्यावर लस आहे. श्वास बाहेर टाकतांना कष्ट आणि सूं-सूं असा आवाज म्हणजे दम्याची शंका. श्वास उथळ व जलद, आणि नळींतून छातीच्या खालच्या भागीं कांहींच ऐकूं येत नाहीं, म्हणजे फुप्फुसाभोंवतीं पाणी वा पू. तें सुईनें काढलें कीं मांजराला तिथल्या तिथें आराम पडतो, आणि काढलेल्या द्रवावरूनच रोग कोणता तें कळतें. चांगला पशुवैद्य आधीं प्राणवायु देतो आणि क्ष-किरणांचें मागाहून पाहतो. गुदमरलेलें मांजर चित्रासाठीं उताणें दाबून धरलें तर तें टेबलावरच जातें.

वर सांगितलेली ती चतकोर गोळी दम्याहून घातक आहे. पॅरासिटामॉल पचविण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नाहीं. रक्ताचा प्राणवायु वाहण्याचा गुण त्यानें नष्ट होतो, हिरड्या तपकिरी पडतात, आणि ज्याचा श्वास सुधारावयाचा त्याचाच कोंडतो. नीलगिरी, कापूर व धुरी हींहि त्याला अपायकारकच. दम्यावर खरा उपाय स्टेरॉइडचा, आणि तो माणसाच्या पंपानेंच, लहान मुलाच्या मुखवट्यासारखा मुखवटा नाकातोंडावर धरून देतां येतो. आठवडाभर नुसता मुखवटा दाखवून संवय करावी लागते, इतकेंच.

आणखी एक गोष्ट शाकाहारी घरांतून सांगणें अप्रिय असलें तरी सांगितली पाहिजे. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांत पॉल पियन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं अन्नांत टॉरीन हें द्रव्य कमी पडलें तर मांजराचें हृदय पसरतें व दुबळें होतें, आणि वेळींच तें द्रव्य दिलें तर बहुतेकदां पुन्हां सुधारतें. टॉरीन मांसांत व मासळींत असतें. मांजराला तें स्वतःच्या शरीरांत पुरेसें बनवितां येत नाहीं. दूधभातावर राहिलेलें घरबंद मांजर, ज्याला उंदीरहि मिळत नाहीं, तें धापूं लागलें तर दोष फुप्फुसाचा नसून ताटलीचा असूं शकतो. ज्यांना घरांत मासळी आणणें जमत नाहीं त्यांनीं टॉरीन घातलेलें तयार अन्न घ्यावें.

आंबिवलीहून परळ पन्नासेक किलोमीटर. गुदमरणाऱ्या मांजराला गर्दीच्या गाडींतून तेथवर नेणें म्हणजे वाटेंतच मारणें. कल्याण-डोंबिवलींत पशुवैद्य आहेत, प्रथम त्यांच्याकडे जावें, आणि तेथें प्राणवायु मिळेल कीं नाहीं हें आधीं फोनवर विचारावें. करंडीवर पातळ फडकें टाकावें, मांजराला छातीशीं आवळूं नये, पाणी पाजूं नये. मिनिटाचे मोजलेले श्वास कागदावर लिहून न्यावे, आणि जमल्यास त्या खोकल्याचें चलच्चित्र फोनवर घ्यावें, कारण वैद्याच्या टेबलावर मांजर हटकून खोकत नाहीं.